उंदराला उंदराची सोबत



उंदीर म्हटलं की आपला हात आधी झाडूकडे जातो. सुगीतल्या पोत्याला पडलेलं भोक, पेटीतल्या लुगड्याचा कुरतडलेला काठ, रात्री आढ्यावरची पळापळ हे सगळं डोळ्यांपुढे येतं. तरी आज आम्ही उंदरावर बोलणार आहोत, आणि तेही त्याला मारायच्या औषधावर नाही. मागच्या महिन्यात एका गटातून प्रश्न आला होता. गटातल्या ताईंची मुलगी शहरात शिकायला आहे. तिने खोलीवर पांढरा उंदीर पाळला आहे. ती दिवसभर कॉलेजात, आणि तो पिंजऱ्यात एकटा. त्याला दुसरा उंदीर आणून द्यावा का, असं ताईंनी विचारलं होतं. प्रश्न वाचून आमच्यातल्या दोघी हसल्या. तिसरी म्हणाली, शेळी एकटी बांधली तर दिवसभर ओरडते, मग उंदराचं का नसेल?

एका शब्दात उत्तर हवं असेल तर ते आहे, हो. पण हे उत्तर मिळायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली. उंदीर पाळणं सुरू झालं तेव्हापासून तो एकट्याच्या पिंजऱ्यात पडला, आणि तो तिथे का पडला याची कारणं शोधायला गेलं तर ती सगळी माणसाच्या सोयीची निघतात. ती हकीकत आज सांगतो.

आधी कोणता उंदीर, ते बघू. आपल्या घराच्या आढ्यावर चढतो तो काळा उंदीर. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि मग गावोगाव पसरला, तेव्हा घरात उंदीर पडायला लागले की माणसं घर सोडून रानात झोपड्या घालून राहायची, ते उंदीर बहुतेक या जातीचे. पाळतात तो उंदीर वेगळा. तो तपकिरी उंदराच्या वंशातला. हा अंगाने जाड, शेपूट आखूड, जमिनीत बीळ करणारा, गटारांत राहणारा. शास्त्रातल्या त्याच्या नावात नॉर्वे देश आला आहे, पण त्याचा नॉर्वेशी काही संबंध नाही. तो मूळचा उत्तर चीन आणि मंगोलियाकडचा, आणि जहाजांतून, मालातून जगभर गेला. इंग्लंडमध्ये तो अठराव्या शतकात पोचला. दुकानातला पांढरा, लाल डोळ्यांचा उंदीर हा त्याचाच रंग हरवलेला वंशज.

हा गटारातला उंदीर घरात कसा आला? मारण्यासाठी पकडला म्हणून. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये उंदरांचे आखाडे चालत. लाकडी कठडा घातलेल्या खड्ड्यात शेकडो उंदीर सोडायचे, त्यांच्यात कुत्रा सोडायचा, आणि तो किती वेळात किती मारतो यावर पैजा लावायच्या. बिली नावाच्या कुत्र्याने १८२३ मध्ये सहा मिनिटांच्या आत १०० उंदीर मारले, त्याची नोंद आहे. १८३५ मध्ये इंग्लंडने बैल आणि अस्वलांवर कुत्रे सोडायचे खेळ कायद्याने बंद केले. उंदरांचा खेळ मात्र चालूच राहिला. उंदराची कीव कुणाला येणार?

या खेळाला जिवंत उंदीर लागत, म्हणून ते पकडणारे लोक होते. त्यांतला जॅक ब्लॅक हा स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणवून घ्यायचा. कमरेला उंदरांची चित्रं ओतलेला पट्टा बांधायचा आणि भर चौकात हाताने उंदीर बाहेर काढून दाखवायचा. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेऊन मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या माणसाची मुलाखत आहे. (मुंबईच्या महापालिकेकडेही रात्रपाळीला उंदीर मारणारे कामगार असतात, रात्रीला माणशी ३० उंदीर असा त्यांचा हिशेब. त्यांच्या मुलाखती कुणी तरी अशा निगुतीने घ्यायला हव्यात.) जॅक ब्लॅक पकडलेल्या उंदरांतून पांढरे, वेगळ्या रंगांचे उंदीर बाजूला काढायचा, त्यांची वीण करायचा आणि विकायचा. कुणाला? तर हौशी तरुण मुलींना. त्या हे उंदीर खारीच्या पिंजऱ्यात ठेवत, असं त्यानेच सांगितलं आहे.

खारीच्या पिंजऱ्यात. हा तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटला. त्या काळी इंग्लंडमध्ये खार पाळायची पद्धत होती, आणि तिच्यासाठी फिरतं चाक लावलेला एका जिवापुरता पिंजरा मिळायचा. पाळीव उंदीर आला तेव्हा त्याचा म्हणून पिंजरा नव्हताच. दुसऱ्या जनावराचं तयार घर होतं, ते त्याला मिळालं. आमच्या मते एकटेपणाची सुरुवात इथेच झाली, आणि कुणाच्या वाईट मनातून झाली नाही.

पुढे हा उंदीर चांगल्या घरांत गेला. मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहिणाऱ्या बिट्रिक्स पॉटर लंडनच्या श्रीमंत घरात वाढल्या. शाळा नाही, शिकवायला घरी बाई यायच्या, बरोबरीच्या मुलींत मिसळणं जवळजवळ नाही. ससे, उंदीर, साळू, वटवाघूळ हेच त्यांचे सवंगडी. त्यांनी सॅमी नावाचा पांढरा उंदीर पाळला होता, आणि १९०८ च्या एका पुस्तकाची अर्पणपत्रिका त्याच्या नावाने लिहिली. तीत उंदराच्या जातीचा माणसाने किती छळ केला आहे, हेही त्या लिहायला विसरल्या नाहीत. पुस्तकाच्या पहिल्या पानावर उंदराला मान, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. एकट्या वाढलेल्या माणसाला उंदीर सोबत देतो, हे लोकांना तेव्हा कळलं. पण उंदराला सोबत कोण देणार, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्येच मेरी डग्लस नावाच्या बाई होत्या. तिथे पाळीव पिटुकल्या उंदरांचा एक राष्ट्रीय क्लब होता, १८९५ मध्ये सुरू झालेला. आपल्याकडे बैलांची, कोंबड्यांची प्रदर्शनं भरतात तशी ते प्रदर्शनं भरवत. मेरीबाईंनी क्लबकडे मागणी केली की मोठ्या उंदरांनाही जागा द्या. १९०१ च्या ऑक्टोबरात एल्सबरी गावच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मोठे उंदीर मांडले गेले, आणि पहिला मान मेरीबाईंच्याच काळ्या-पांढऱ्या उंदराला मिळाला. पुढे क्लबच्या नावातही उंदीर आला. १९२१ मध्ये मेरीबाई गेल्या, हौस ओसरत गेली, आणि १९२९ मध्ये क्लबने नावातला मोठा उंदीर काढून टाकला. एका बाईच्या जोरावर चाललेलं काम तिच्या मागे कसं विरतं, ते गावोगावच्या मंडळांत आपण पाहतोच. उंदीर पाळणाऱ्यांची नवी संस्था इंग्लंडमध्ये उभी राहिली ती थेट १९७६ मध्ये.

प्रदर्शनाने उंदराचं भलं केलं. त्याचा रंग, अंग, स्वभाव लोक पारखू लागले. पण प्रदर्शनात उंदीर एकेकटाच पारखला जातो. घोळक्यात तो कसा वागतो, याला तिथे गुण नव्हते.

तोपर्यंत उंदीर दुसऱ्या एका दारातून आत शिरला होता. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात विस्टार ही संशोधन संस्था आहे. तिथे १९०६ पासून पांढऱ्या उंदरांची मोठी वसाहत वाढवली गेली. हेलन डीन किंग या शास्त्रज्ञ बाईंनी १९०९ च्या सुमाराला सख्ख्या भावंडांची वीण पिढ्यान्‌पिढ्या चालवून एकसारखे उंदीर तयार केले. पुढे त्यांनी रानटी तपकिरी उंदीर आणून त्यांना १४ वर्षं बंदिस्त वाढवलं आणि पिढीगणिक ते कसे माणसाळतात याच्या नोंदी ठेवल्या. जगभरच्या प्रयोगशाळांतल्या कितीतरी उंदरांचं मूळ विस्टारच्या वसाहतीत आहे. आपण जी औषधं घेतो त्यांतल्या बहुतेकांची आधीची पारख अशा जनावरांवर झालेली असते, हे एकदा मनाशी धरायला हवं.

आता प्रयोगशाळेचा हिशेब बघा. कोणत्या उंदराने किती खाल्लं, किती पाणी प्यायला, वजन किती वाढलं, हे मोजायचं तर एका पिंजऱ्यात एकच उंदीर ठेवणं सोपं. चार असले तर कुणी किती खाल्लं कसं कळणार? म्हणून तिथेही अनेक प्रयोगांत एकेकटा पिंजरा रूढ झाला. आणि गंमत अशी की त्या पिंजऱ्यानेच पहिल्यांदा शंका आणली. १९६३ मध्ये कॅनडातल्या औषधं तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की फार दिवस एकटे ठेवलेले उंदीर बिथरतात, अंगावर येतात, त्यांच्या शेपटीची कातडी खवल्यांसारखी होते, आणि एका औषधाचं विष त्यांना सोबतीतल्या उंदरांपेक्षा जास्त बाधतं. म्हणजे औषध तेच, मात्रा तीच, फरक शेजार असण्या-नसण्याचा. शास्त्रज्ञ याकडे लक्ष देऊ लागले ते उंदराच्या दुःखासाठी कमी आणि आपली मोजणी चुकते म्हणून जास्त, असं आमचं मत आहे.

त्याच दशकात कॅलिफोर्नियात बर्कली इथे मेरियन डायमंड या बाई आणि त्यांचे सहकारी उंदरांचे मेंदू तपासत होते. एका मोठ्या पिंजऱ्यात बारा उंदीर आणि खेळायला वस्तू. दुसऱ्या लहान पिंजऱ्यात एक उंदीर आणि वस्तू काही नाही. अन्नपाणी दोघांना सारखं. काही आठवड्यांनी पाहिलं तर भरल्या घरातल्या उंदरांच्या मेंदूचा वरचा थर जाड झालेला. हा निकाल १९६४ मध्ये छापून आला तेव्हा मेंदू असा बदलतो हे पुष्कळांना पटेना. यात एक खोच आहे, आणि ती सांगायलाच हवी. त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की नुसती सोबत असून वस्तू नसल्या तर मेंदूत तेवढा फरक पडत नाही. रिकाम्या पिंजऱ्यात दोघांना कोंबलं म्हणजे काम झालं असं नाही. हाताला काम आणि बाजूला माणूस, दोन्ही लागतं. उंदराच्या बाबतीत पायाला काम म्हणा हवं तर.

मग सगळ्यांना एकत्र सोडलं तर? तेही एकाने करून पाहिलं. जॉन कॅल्हून यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत बॉल्टिमोरजवळ सुमारे दहा गुंठे जागेला कुंपण घातलं आणि त्यात पाच गाभण रानटी माद्या सोडल्या. खायला-प्यायला मुबलक, मांजर नाही, घुबडापासून राखण. दोन वर्षांत तिथे ५,००० उंदीर व्हायला हरकत नव्हती. २७ महिन्यांनी मोठे उंदीर होते सुमारे १५०. आणि ते सगळ्या जागेत सारखे पसरले नव्हते, एका ढिगातही नव्हते. डझनभराच्या टोळ्या करून राहत होते. (आपल्या बचत गटातही दहा ते वीस जणी असतात. उंदरांनी आपलं पाहून केलं नाही, आणि आपणही त्यांचं पाहून केलं नाही.) पुढे कॅल्हूननी बंद खोलीत उंदरांची दाटी होऊ दिली, तेव्हा माद्यांनी घरटी बांधणं सोडलं, पिल्लं टाकली, नर एकमेकांना फाडू लागले. हे त्यांनी १९६२ मध्ये लिहिलं आणि ते जगभर गाजलं. लोकांनी त्यातली दाटी लक्षात ठेवली. आधीच्या कुंपणातल्या डझनभराच्या टोळ्या विसरले. उंदराला गर्दी नको असते, ओळखीचे चार-दहा हवे असतात.

आमच्या गावांत दारूवर इतकं बोलणं होतं, म्हणून एक प्रयोग सांगतो. कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी काही उंदरांना एकेकटं पिंजऱ्यात ठेवलं आणि काहींना नेहमीच्या पिंजऱ्याच्या २०० पट मोठ्या जागेत, नर-माद्या मिळून सोळा-वीस जणांत. दोन्हीकडे साधं पाणी आणि अफूच्या अर्काचं गोड पाणी ठेवलं. एकट्यांनी नशेचं पाणी पुष्कळ जास्त प्यायलं. हा प्रयोग फार सांगितला जातो, पण नंतर इतरांनी करून पाहिला तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही. म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. घरधन्याची दारू सोबतीने सुटते असं कुणी उंदरावरून सांगू लागलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मुलगी म्हणेल, मी आहे ना त्याला! रोज संध्याकाळी हातात घेते, खाऊ देते. तो खांद्यावर बसतो. माणसाची सोबत का पुरत नाही?

उंदराचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईचं दूध सुटतं आणि खेळ सुरू होतो. एकमेकांच्या मानेत तोंड खुपसायचं, उलथंपालथं करायचं, वर बसायचं, पळायचं. ब्रिटनमधल्या डोरोथी आयनन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की या वयात, म्हणजे जन्मापासून साधारण २५ ते ४५ दिवसांच्या काळात, पिल्लाला एकटं ठेवलं तर ते मोठेपणी बावरलेलं राहतं आणि नंतर सोबत देऊनही ते पुरतं भरून येत नाही. आणि त्याच पिल्लाला रोज एक तास दुसऱ्या पिल्लाबरोबर खेळू दिलं, तर पुष्कळ नुकसान टळतं. रोजचा एक तास, पण दंगा करणाऱ्या सवंगड्याबरोबर.

मग आहे आवाजाचं. अमेरिकेत याक पांक्सेप्प यांनी नव्वदच्या दशकात उंदरांना बोटांनी गुदगुल्या केल्या आणि जवळ फार बारीक आवाज पकडणारं यंत्र ठेवलं. उंदीर खेळताना आणि गुदगुल्या होताना चिवचिवत होते. आपला कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. उंदराची ही चिवचिव असते ५०,००० च्या आसपास. भ्यालेला उंदीर आवाज काढतो तो २२,००० च्या आसपास, म्हणजे तोही आपल्या कानापलीकडे. विचार करा, एकाच खोलीत राहून आपल्याला त्याचं हसणं ऐकू येत नाही आणि भेदरणंही नाही. दुसऱ्या उंदराला दोन्ही ऐकू येतं. खोलीवरच्या मुलीने कितीही जीव लावला तरी हे तिला जमणार नाही. त्यात तिचा दोष नाही.

याच कामातून आणखी एक गोष्ट कळली. एकटी ठेवलेली पिल्लं माणसाच्या गुदगुल्यांना सोबतीतल्या पिल्लांपेक्षा जास्त हपापलेली असतात. उंदीर पाळणाऱ्यांत एक जुना समज आहे की एकच उंदीर ठेवला तर तो आपल्याला जास्त लागतो, दोन ठेवले तर ते आपसांतच रमतात. समज पाहण्यापुरता खरा आहे. एकटा उंदीर हाताला चिकटतो. पण उपाशी लेकरू ताटाला चिकटतं, त्याला आपण ताटाची माया म्हणत नाही.

बाकी तुम्ही रोज पाहता ते आहेच. उंदीर झोपतात ते एकमेकांच्या अंगावर ढीग करून. एकमेकांची मान, पाठ चाटून साफ करतात, जिथे स्वतःचं तोंड पोचत नाही तिथली. एका घोळक्यातल्या माद्या कधी कधी पिल्लं एका घरट्यात घालून एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. आणि त्यांचा दिवस रात्री सुरू होतो. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ते जागे. आपण नेमके तेव्हा झोपलेले.

२०११ मध्ये शिकागोच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. दोन उंदीर काही दिवस एकत्र ठेवले, मग एकाला अरुंद नळीत कोंडलं आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं. नळीचं दार बाहेरून ढकलता येतं, पण ते कुणी शिकवलं नव्हतं. मोकळे उंदीर नळीभोवती घिरट्या घालत राहिले आणि काही दिवसांत दार उघडायला शिकले. शेजारी चॉकलेट कोंडलेली दुसरी नळी ठेवली तरी त्यांनी दोन्ही उघडल्या आणि पुष्कळदा चॉकलेटही वाटून खाल्लं. चोवीस नरांपैकी सतरा दार उघडायला शिकले. माद्या सहा होत्या, सहाही शिकल्या. या आकड्यांवर आमच्या गटात काय बोलणं झालं ते इथे छापत नाही. २०१४ मध्ये त्यांनीच दाखवलं की उंदीर अनोळखी रंगाच्या उंदराला सहसा सोडवत नाही, पण त्या रंगाच्या उंदराबरोबर राहिलेला असेल तर सोडवतो. आणि जन्मापासून परक्या जातीत वाढलेला उंदीर आपल्याच जातीच्या उंदरासाठी दार उघडत नाही. उंदराची जात सोबतीवर ठरते म्हणायची.

एक अवघड गोष्ट सांगायची राहिली. याच शिकागोत २००९ मध्ये माद्यांवर केलेलं एक काम प्रसिद्ध झालं. पाळीव जातीच्या उंदीर-माद्यांना म्हातारपणी स्तनात गाठी होतात, आपोआप. काही माद्यांना लहानपणापासून एकटं ठेवलं, काहींना पाच-पाच जणींत. एकट्या माद्यांना गाठी जास्त झाल्या, मोठ्या झाल्या, आणि त्या कर्करोगाच्या असण्याचा धोका तिपटीहून अधिक निघाला. एखादा धक्का बसला की त्यातून सावरायलाही त्यांना जास्त वेळ लागत होता. मैत्रिणींनो, यावरून एकट्या राहणाऱ्या बाईला कर्करोग होतो असं कुणी म्हणू नये, आणि कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नये. माद्यांवरचं ते काम आहे आणि माद्यांपुरतंच सांगतं. आपल्या गाठीसाठी आशाताईंना गाठा, दवाखान्यात तपासून घ्या. पण पिंजऱ्यात एकटी ठेवलेली उंदरीण ‘मजेत आहे’ असं म्हणायला मात्र आता जागा उरलेली नाही.

सगळ्याच उंदरांना हे लागू नाही. आपल्या बांधाला बीळ करून कणसं ओढून नेणारा, घुशीच्या कुळीतला शेतउंदीर मोठा झाला की बहुधा बिळात एकटाच राहतो. आईजवळ पिल्लं असतात तेवढीच. बीळ खणणाऱ्यांना धान्याचा साठा मोठा आणि धनी एक, असं सापडतं ते यामुळे. दुकानात मिळणारा गुबगुबीत हॅमस्टर, सीरियाकडचा, त्याच्या पिंजऱ्यात दुसरा टाकला तर मारामारी होते. आणि गणपतीपुढचा मूषक तर एकटाच बसलेला असतो. तेव्हा जनावर कोणतं ते आधी ओळखावं. आपली मुलगी सांगते तो पांढरा उंदीर मात्र तपकिरी उंदराचा वंशज आहे, टोळीतला आहे.

ताईंच्या मुलीसाठी थोडं कामाचं. दुसरा आणायचा तर नराला नर, मादीला मादी. नर-मादी एकत्र ठेवले तर २१ ते २३ दिवसांत आठ-बारा पिल्लं, आणि व्यालेली मादी एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. पुढचा हिशेब तुम्हीच करा. पहिल्यांदाच आणत असाल तर एका विणीच्या दोघी बहिणी किंवा दोघे भाऊ आणणं सगळ्यांत सोपं. आधीचा असेल तर नव्याला एकदम त्याच्या पिंजऱ्यात टाकू नये. काही दिवस पिंजरे शेजारी ठेवायचे, एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या घरात टाकायचं म्हणजे वासाची ओळख होते, मग दोघांचीही नाही अशा जागी भेट घडवायची. थोडी ढकलाढकल, किंचाळणं होणारच. रक्त निघालं तर वेगळं करायचं आणि पुन्हा धीराने सुरुवात करायची. पिंजरा मोठा हवा, आणि कुरतडायला, चढायला, लपायला काही हवं.

कायद्याने हे कुठे धरलं? आपल्या देशातला प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. हालचालीपुरतीही जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर कोंडणं हा त्यात गुन्हा आहे. त्या कलमात लांबी, रुंदी, उंची आहे. शेजाऱ्याचं नाव नाही. युरोपीय संघाने २०१० मध्ये प्रयोगांसाठीच्या जनावरांबाबत नियम केला की स्वभावानेच एकटी राहणारी सोडून बाकीच्यांना सोबतीत ठेवावं. त्याच्या दोन वर्षं आधी, २००८ मध्ये, स्वित्झर्लंडने घरातल्या जनावरांपर्यंत हा विचार नेला. उंदीर, पिटुकले उंदीर, गिनीपिग अशा टोळीतल्या प्राण्यांना किमान दोघांच्या सोबतीत ठेवलं पाहिजे, असं तिथल्या नियमात आहे.

नियम आला तशी एक अडचणही आली. पाळीव उंदीर जगतो दोन-तीन वर्षं, गिनीपिग त्याहून जास्त. जोडीतला एक आधी जातो. मागे राहिलेल्याला नियमाने सोबत हवी. नवा आणावा तर काही दिवसांनी जुना जाणार आणि नवा एकटा पडणार, त्याला पुन्हा नवा. ज्याला पाळणं थांबवायचं आहे त्याने थांबायचं कधी? तिथल्या एका बाईंनी यावर तोड काढली. ही गिनीपिगची गोष्ट आहे, उंदराची नव्हे. त्यांच्याकडे पुष्कळ गिनीपिग होते. ज्याच्या घरी एकटा उरला असेल, त्याला त्या एक वयस्क गिनीपिग सोबतीला द्यायच्या. पैसे घ्यायच्या, आणि घरातला जुना गेला की गिनीपिग परत घेऊन त्यातले काही पैसेही परत करायच्या.